हजरत बाबा ताजुद्दीन (रह.) आणि हुस्ने जन्न

उमरेडहून निघालेली बस दिघोरी ओलांडून नागपुरात शिरते आणि थोड्याच वेळात ताजबाग येते. त्या क्षणी बसमधील बोलणी जराशी थांबतात. कोणी उजवा हात छातीवर ठेवतो, कोणी कपाळाला लावतो, कोणी ओठांतल्या ओठांत फातिहा पढतो. त्यांत आपले लोक असतात, तसेच बाजाराला निघालेले शेतकरी, कॉलेजची मुले आणि लुगडे नेसलेल्या म्हाताऱ्या बायाही असतात. ज्यांच्यासाठी हे हात आपोआप उचलले जातात, त्यांना एके काळी याच नागपुरात सोळा वर्षे पागलखान्यात ठेवले गेले होते. ही गोष्ट आपल्या भागात बहुतेकांना ठाऊक आहे. तिच्याकडे नीट पाहण्याची बुद्धी मला मात्र फार उशिरा झाली.

बाबांविषयी जे लिहिले जाते, त्यात करामती अधिक आणि जीवन कमी असते. औलियांच्या करामती सत्य आहेत, हा आपला अकीदा आहे. तरीही या लेखात मी त्या जाणीवपूर्वक बाजूला ठेवीत आहे. एकाच माणसाकडे पाहून काहींना केवळ वेड दिसले आणि काहींना चांगुलपण दिसले, हे कसे घडले, एवढेच मला या चरित्रात शोधावयाचे आहे. दुसऱ्याविषयी आधी चांगले गृहीत धरणे याला आपल्याकडे हुस्ने जन्न म्हणतात. वाईट गृहीत धरून मग त्याचा पुरावा शोधीत बसणे ही बदगुमानी. या दोन शब्दांमधील अंतर बाबांच्या चरित्रात पावलोपावली दिसते.

सय्यद मुहम्मद ताजुद्दीन यांचा जन्म २७ जानेवारी १८६१ रोजी कामठी येथे झाला. कन्हान नदीच्या काठी वसलेली कामठी ही इंग्रजांची छावणी होती. मद्रासच्या पलटणी तेथे मुक्कामाला असत, आणि त्यांच्याबरोबर दक्षिणेकडील अनेक मुसलमान घराणी या भागात येऊन स्थिरावली. बाबांचे वडील सय्यद बदरुद्दीन हेही सैन्यातच होते. मुलगा अवघा वर्षाचा असताना ते निवर्तले. आई मरियम बी यांची छायाही नवव्या वर्षी हरपली. आजोळच्या माणसांनी त्यांना वाढविले. कामठीच्या मदरशात ते शिकले. तेथेच हजरत अब्दुल्लाह शाह कादरी (रह.) यांची दृष्टी या मुलावर पडली आणि हा मुलगा वेगळा आहे, असे त्यांनी ओळखले, असे सर्व चरित्रकार सांगतात. त्या मुलाकडे वरवर पाहता काय होते? आईबाप नसलेला, गप्प राहणारा, एकांतात रमणारा पोर. अशा पोराला गल्लीत सहसा जी विशेषणे मिळतात, ती आपण सर्वजण जाणतो.

पुढे कन्हानला मोठा पूर आला आणि घराची वाताहत झाली. पोटापाण्यासाठी तरुण ताजुद्दीन पलटणीत भरती झाले. पलटणीबरोबर ते सागरला गेले. दिवसा चाकरी करावी आणि रात्री हजरत दाऊद मक्की (रह.) यांच्या मजारपाशी जाऊन इबादतीत बसावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. हळूहळू चाकरी सुटली. देहाचे, कपड्याचे, खाण्यापिण्याचे भान सुटत गेले. कामठीला बातमी पोहोचली, तेव्हा त्यांची आजी सागरला गेली. नातू रस्त्यांतून भटकत होता. तिने त्याला घरी परत आणले आणि हकीम-वैद्यांचे उपचार केले. उपचारांनी फरक पडला नाही.

या आजीपाशी मला थोडे थांबावेसे वाटते. चरित्रग्रंथांत तिला दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळालेली नाही. नातू वली होणार आहे, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. तिच्या समोर एक भान हरपलेला तरुण होता आणि लोक त्याला नावे ठेवीत होते. रेल्वेचे जाळे आजच्यासारखे नसलेल्या काळात ती म्हातारी नागपूरच्या मुलखातून सागरपर्यंत गेली आणि त्याला घेऊन आली. ताजबागला जाणाऱ्यांपैकी तिची आठवण किती जण काढतात, कोण जाणे.

कामठीत बाबा चारेक वर्षे गल्लीबोळांतून फिरत राहिले. मुले मागे लागत, दगड मारीत. चरित्रकारांनी येथे एक गोष्ट नोंदविली आहे. बाबा त्या मुलांवर कधी रागावले नाहीत. उलट कोणी मोठा माणूस मुलांना हटकू लागला, तर त्यांना ते आवडत नसे. ज्याच्या अंगावर दगड येत होते, त्याला मारणाऱ्यांमध्ये मुलेच दिसत होती, शत्रू दिसत नव्हते. रस्त्यावरून जाणाऱ्यांना मात्र त्या दगड खाणाऱ्या माणसात वेड्यापलीकडे काही दिसत नव्हते.

एकदा बाबा विवस्त्र अवस्थेत इंग्रजांच्या वस्तीत गेले आणि तेथील गोऱ्या बायका घाबरल्या, अशी हकीकत सांगितली जाते. तक्रार झाली. २६ ऑगस्ट १८९२ रोजी त्यांना नागपूरच्या पागलखान्यात दाखल करण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय एकतीस होते. इंग्रज अधिकाऱ्यांना दोष देणे आज सोपे आहे. पण न्यायाने पाहिले तर त्यांच्यासमोर एक नग्न माणूस होता आणि त्यांना शहराची शिस्त राखायची होती. ज्यांनी बाबांना आत पाठविले त्यांच्याविषयीही बदगुमानी करू नये, असे मला वाटते. हुस्ने जन्न आपल्या आवडीच्या माणसांपुरता ठेवला, तर तो नुसता पक्षपात होतो.

मदरशात आम्हाला फिक्ह शिकविली गेली. कोणती कृती जायज, कोणती नाजायज, कोठे नमाज तुटते, कोठे वुजू जातो, हे सारे आम्ही पाठ केले. हे ज्ञान आवश्यकच आहे. त्याशिवाय इमामत करता येत नाही. परंतु या शिक्षणाचा एक धोका असा की डोळ्याला चूक शोधण्याची सवय लागते. बाबा ताजुद्दीन यांच्याविषयी विद्यार्थीदशेत माझ्या मनात नेमका हाच प्रश्न होता. जे वस्त्राचे भान राखीत नाहीत, ज्यांच्या बोलण्याचा अर्थ लागत नाही, त्यांच्याविषयी शरियत काय म्हणते? एका उस्तादांनी मला तेव्हा ती प्रसिद्ध हदीस पुन्हा वाचावयास लावली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे की तीन जणांवरून लेखणी उचलली गेली आहे : झोपलेल्या माणसावरून तो जागा होईपर्यंत, मुलावरून ते वयात येईपर्यंत आणि भान हरपलेल्यावरून त्याचे भान परत येईपर्यंत. लेखणी उचलली गेली, म्हणजे त्याच्या नावावर गुन्हा लिहिला जात नाही. जेथे अल्लाहचे फरिश्ते लिहायचे थांबतात, तेथे आपण वही उघडून बसावे, हे कोणते धर्मज्ञान?

अर्थात अशा माणसाच्या वागण्याचे अनुकरणही करायचे नसते. मजजूब हा अनुसरण्याचा नमुना नव्हे, हे सूफींच्या थोर पीरांनीही स्पष्ट केले आहे. नमाज आपल्यावर फर्ज आहे आणि फर्जच राहील. त्याच्याविषयी चांगले मानावे आणि आपण शरियतच्या वाटेने चालत राहावे, एवढे पुरे.

बी.ए.ला मराठी विषय घेतल्यामुळे मला याच विदर्भातील आणखी एक चरित्र वाचावयास मिळाले. तेराव्या शतकात अमरावतीकडील रिद्धपूर येथे गोविंदप्रभू राहत. त्यांचे वागणेही जगाला वेड्यासारखे वाटे. महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी त्यांचे चरित्र लिहून ठेवले, तेव्हा ते वागणे जसे होते तसे लिहिले. झाकले नाही, सजविले नाही. धर्म वेगळा, काळ वेगळा. पण आपल्या या मुलखाला वेड्याकडे दोनदा पाहण्याची सवय जुनी आहे, असे ते पुस्तक वाचताना मनात आले.

पागलखान्यातील सोळा वर्षे हा बाबांच्या आयुष्याचा सर्वात मोठा, तरीही सर्वात कमी लिहिला गेलेला भाग आहे. तेथे त्यांच्याभोवती कोण होते? समाजाने टाकलेली माणसे. ज्यांची नावे घरच्यांनीही घेणे सोडले होते, अशी. बाबा त्यांच्यात राहिले. त्यांची शांत वृत्ती पाहून प्रथम पहारेकरी आणि चाकर यांचे मन बदलले, मग वरच्यांचे. बाहेरून लोक भेटीला येऊ लागले, आणि ज्या ठिकाणाचे नाव घेताच लोक तोंड फिरवीत, तेथे दर्शनाची रीघ लागली. नागपूरचे ते मनोरुग्णालय आजही चालू आहे आणि बाबांची आठवण तेथे अद्याप जपली जाते. ज्यांना बाबांच्या मोठेपणाची पहिली खूण पटली, ते कोणी आलिम नव्हते, श्रीमंत नव्हते. पागलखान्याच्या दारावर उभे राहणारे साधे नोकर होते, ही गोष्ट आम्हा इमामांनी तरी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

यानंतर या चरित्रात राजे रघुजीराव भोसले येतात. नागपूरचे राज्य राहिलेले नव्हते. १८५३ साली तिसऱ्या रघुजींचे निधन झाले आणि इंग्रजांनी दत्तक न मानता राज्य खालसा केले. रघुजीराव हे त्याच घराण्याचे वंशज. मान होता, वाडे होते, सत्ता नव्हती. ते बाबांच्या भेटीला पागलखान्यात कशामुळे येऊ लागले, याविषयी नाना कथा आहेत. त्यांपैकी कोणतीही खरी मानली तरी पुढची गोष्ट निश्चित आहे : १९०८ साली त्यांनी सरकारला स्वतःची हमी दिली, बाबांना बाहेर काढले आणि सन्मानाने आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यावर नेले.

हमी या शब्दाकडे क्षणभर पाहा. घरी बसून एखाद्याविषयी चांगले मानण्यास काही खर्च येत नाही. हमी देणारा मात्र स्वतःचे नाव पणाला लावतो. हा माणूस कोणाला इजा करणार नाही आणि त्याची जबाबदारी माझी, असे सरकारदरबारी मान्य करावयाचे. तेही ज्याला सरकारने वेडा ठरविले आहे अशा माणसाविषयी. रघुजीराव हिंदू मराठा राजघराण्यातले, बाबा सय्यद घराण्यातले फकीर. आज शेजारच्या घरभाडेकरूचे नाव ऐकूनच आपण, आणि ते, तर्क करू लागतो. अशा दिवसांत नागपूरच्या या घटनेला शंभरहून अधिक वर्षे झाली, हे आठवून मन भरून येते आणि थोडी लाजही वाटते.

सक्करदऱ्याच्या वाड्यात राजघराण्याने बाबांची अखेरपर्यंत सेवा केली. मध्यंतरी काही वर्षे बाबा सावनेरजवळच्या वाकी या गावी राहिले. तेथील काशिनाथ पाटील यांनी त्यांना आश्रय दिला. वाकीच्या मोकळ्या रानात माणसांचा मेळाच भरू लागला. तेथे बाबांनी निरनिराळ्या जागांना नावे दिली होती, असे सांगितले जाते. एका झाडाखालची जागा शिफाखाना, एक जागा मदरसा, एक मस्जिद. आजारी माणूस आला की त्याला शिफाखान्याकडे पाठवीत, शिकणारे पोर आले की मदरशाकडे. भिंत नाही, छप्पर नाही, आणि तरी तो दवाखाना होता, ती शाळा होती. जेथे काही नाही असे इतरांना दिसते, तेथे काय होऊ शकते हे बाबांना दिसत होते, असा या गोष्टीचा अर्थ मी लावतो. आणखी अर्थ असतील, जाणकारांनी सांगावेत.

त्यांच्यापुढे येणाऱ्यांत जात, धर्म, प्रतिष्ठा यांची गाळणी कधीच नव्हती. राजे येत आणि भिकारीही येत. शिकलेले येत, तसे निरक्षर येत. नमाजी येत आणि ज्यांना मस्जिदच्या पायरीवर उभे राहण्याचीही लाज वाटावी असेही येत. त्या शेवटच्या लोकांविषयी आम्हा धार्मिक माणसांच्या मनात लवकर कठोरपणा येतो. येथे प्रेषितांच्या काळातील एक प्रसंग आठवतो. एका सहाबींना दारूच्या गुन्ह्यासाठी पुन्हापुन्हा शिक्षा झाली. एकदा कोणीतरी त्यांना शाप दिला. प्रेषितांनी (स.) शाप देणाऱ्यास रोखले आणि बजावले की हा माणूस अल्लाहवर व त्याच्या रसूलवर प्रेम करतो. शिक्षा माफ झाली नाही. गुन्हा हा गुन्हाच राहिला. मात्र त्या गुन्ह्याखाली दडलेले प्रेम प्रेषितांच्या नजरेतून निसटले नाही. सूरह हुजुरातमध्ये अल्लाहने थट्टा, वाईट नावे ठेवणे, अतिसंशय, हेरगिरी आणि पाठीमागे निंदा या गोष्टी एकापाठोपाठ निषिद्ध केल्या आहेत. तो क्रम मला नेहमी विचार करायला लावतो. मनात संशय आला की माणूस हेरू लागतो, आणि हेरून काही सापडले की ते चारचौघांत सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही.

आता एक स्वतःची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्यावाचून हा लेख अप्रामाणिक ठरेल. आमच्या मोहल्ल्यात एक तरुण आहे. वुजूच्या नळावर तो फार वेळ बसत असे. हात धुवायचा, पुन्हा धुवायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. मागे रांग लागायची, पाणी वाहायचे. कधी जमाअत चालू असताना मध्येच मोठ्याने काही बोलायचा. एका रमजानमध्ये तरावीहच्या वेळी असे झाले, तेव्हा मी त्याच्या वडिलांना बोलावून, मुलाला घरीच ठेवत जा, असे सुनावले. पाण्याच्या अपव्ययावर शुक्रवारच्या बयानात बोललो, तेही त्याच्याकडे पाहून. मी मसला बरोबरच सांगितला होता. तो मस्जिदमध्ये येईनासा झाला.

दोन-तीन दिवसांनी फज्रच्या वेळी पिण्याच्या पाण्याचे माठ कोरडे दिसले. मुअज्जिनला विचारले, तेव्हा कळले की कित्येक महिने तो मुलगाच पहाटे सर्वांच्या आधी येऊन ते माठ घासून भरून ठेवीत होता. मी रोज त्यातले पाणी पीत होतो. ते कोण भरतो, हे मी एकदाही विचारले नव्हते. नळावर पाणी कोण वाया घालवतो, हे मात्र मला पहिल्या आठवड्यातच ठाऊक झाले होते.

त्याच्या घरी गेलो. त्याच्या अम्मीने चहा केला, तक्रार केली नाही. तिला एकच विचारायचे होते. कोणी म्हणे आसेब आहे, कोणी म्हणे डॉक्टरकडे नेणे म्हणजे तवक्कुल सोडणे, कोणी म्हणे मुलगा पागल ठरला तर बहिणीचे लग्न व्हायचे नाही. तिने काय करावे? प्रेषितांनी (स.) आजारावर उपचार करण्याची शिकवण दिली आहे, हे मी तिला सांगितले. बाबा ताजुद्दीन यांच्या आजीनेही आधी हकीम-वैद्यच केले होते, हेही सांगितले. दुआ आणि दवा यांत भांडण नाही. उपचाराने बरा होणारा आजार अंगावर काढून नुसती मन्नत मागत राहणे, यात ना बाबांचा आदर आहे, ना मुलावरची माया. ती नागपूरच्या मनोरुग्णालयात मुलाला घेऊन जाण्यास तयार झाली. ते ठिकाण कोणते आहे हे सांगितल्यावर तिच्या चेहऱ्यावरची भीती कमी झालेली मी पाहिली. जेथे बाबा सोळा वर्षे राहिले, तेथे जाण्यात कमीपणा कसला, असे तिच्या मनात आले असावे.

बाबांचे वास्तव्य अखेरीस पुन्हा सक्करदऱ्यालाच होते. वाकीहून राजांनीच त्यांना परत आणले होते. सोमवार, १७ ऑगस्ट १९२५ रोजी, हिजरी सन १३४४ च्या मुहर्रमच्या २६ तारखेस, त्यांनी या जगाचा निरोप घेतला. त्या वेळी ते चौसष्ट वर्षांचे होते. उमरेडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांना दफन करण्यात आले. आज ज्याला आपण ताजबाग म्हणतो, ते हेच ठिकाण. त्यांच्या आजोळनात्यातील एक नातू सय्यद मुहम्मद अजीम बरखिया यांनी तरुणपणी त्यांच्या सहवासात काही वर्षे काढली. पुढे ते पाकिस्तानात कराचीला स्थायिक झाले, कलंदर बाबा औलिया या नावाने ओळखले गेले आणि त्यांनी आपल्या आजोबांचा तजकिरा लिहिला. कामठीच्या पोरांनी ज्याला दगड मारले त्याचे चरित्र अशा रीतीने समुद्राकाठच्या त्या शहरातही वाचले गेले.

मुलगा आणि त्याची अम्मी आता महिन्यातून एकदा नागपूरला जातात. डॉक्टरांना दाखवून, गोळ्या घेऊन, परतीच्या वाटेवर ताजबागला उतरतात. फातिहा पढून रस्त्यावर येतात आणि उमरेडची पुढली बस धरतात. वुजूच्या नळावर त्याला अजूनही वेळ लागतो. एक नळ आम्ही त्याच्यासाठी सोडून दिला आहे. फज्रला येतो तेव्हा माठ भरलेले असतात.